आठवी ओळ

त्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. गोदावरी ओलांडून गेलं की पुढे कुठेतरी लागतं, एवढं पुरे. नाव लिहिलं तर कुणीतरी तिथे जाईल, पाटी वाचेल आणि माझं खोटं पकडल्याच्या आनंदात परत येईल. तेवढे कष्ट कुणी घेऊ नयेत. खोटं मी बोलले होते. ते कुठे, कुणासमोर आणि कशासाठी, हे मीच सांगते.

आमचं घर केजच्या बाहेर, अंबाजोगाईच्या रस्त्याला. पुढच्या अंगाला अण्णांची जीप उभी असायची आणि मागच्या अंगाला आबांचा वाडा. वाडा म्हणजे मेंढरांचा, बाभळीच्या फांद्या आडव्यातिडव्या रचून केलेला. सकाळी एकीकडून जीपचा सेल्फ घरघरायचा, दुसरीकडून कोकरं ओरडायची, आणि मधल्या खोलीत मी युनिफॉर्मचा टाय बांधत असायची. अण्णा केज ते अंबाजोगाई फेऱ्या मारायचे, आठवीपर्यंत शिकलेले. आबा, म्हणजे अण्णांचे वडील, शाळेच्या दारावरून मेंढरं हाकत गेले होते तेवढेच. आणि मी इंग्रजी शाळेत. शाळेची व्हॅन आली की मी खिडकीशी बसायची. हौस म्हणून नव्हे. माझ्या स्वेटरला लोकरीचा आणि लेंड्यांचा वास यायचा आणि तो बाहेर जावा म्हणून. एका मुलीने एकदा न बोलता दप्तर उचललं आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. मी तेव्हापासून शाळेत काही बोलायचं सोडूनच दिलं. घरी कुणी काही विचारलं तर मान हलवून भागायचं. हो म्हणून खालीवर, नाही म्हणून आडवी. आई म्हणायची, "हिच्या तोंडात जीभ हाय का न्हाई, एकदा डाक्टरला दाखवावं." आज तिशीत आल्यावर कळतं, की त्या वर्षांत मी बोलत नव्हते म्हणूनच मला सगळं इतकं स्वच्छ आठवतं. बोलणाऱ्यांचं लक्ष स्वतःच्या बोलण्यात जातं.

अण्णा एकदा गावातली माणसं घेऊन उत्तरेकडच्या यात्रेला गेले होते. मथुरा झाली, हरिद्वार झालं, परतीला कुणीतरी म्हणालं म्हणून पानिपतला थांबले. घरी आले ते देवळांबद्दल अवाक्षर न काढता पानिपतच सांगत बसले. "तिथं बाग केलीय आबा. लोखंडी कुंपण, मधी खांब. गवात कापून ठेवलंय गालिच्यावानी. आन् लोक येत्यात, उभं राहत्यात. नुसतं उभं राहत्यात अन् जात्यात."

आबांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "गवात कापून काय करत्यात?"

"टाकून देत्यात."

"टाकून देत्यात? आन् मेंढरं?"

"मेंढरं सोडत न्हाईत तिथं."

आबांनी तंबाखू दाढेखाली धरली. मग म्हणाले, "मंग कापायचं कावून?"

पण अण्णांच्या डोक्यात ते बसलं होतं. जीपच्या डायरीत, जिथे ते ऑइल कधी बदललं ते लिहायचे, तिथे मागच्या पानावर त्यांनी लिहिलं: 'रणांगणे बघणे'. खाली राक्षसभुवन, उदगीर, खर्डा, मग ते गोदावरीपलीकडचं गाव, आणि सगळ्यात शेवटी, दोन रेघा मारून, पानिपत. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत एक. पानिपत सगळ्यांनी मिळून. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, "लोक पोराबाळांला घेऊन गोव्याला जात्यात. तू काय मढी हुडकीत फिरतूस का बे?" अण्णा हसायचे. यादी मात्र त्यांनी खोडली नाही.

आबांनी या यादीला होकार दिला त्याचं कारण वेगळं होतं. आमच्या घरात म्हाळू नावाच्या माणसाची एक गोष्ट होती. गोष्ट म्हणजे चारच वाक्यं. आबा ती कधीही सांगायचे तरी तशीच सांगायचे, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. "फौज उतरली. मेंढरं नेली. म्हाळू म्हनला, मागून आनतो. आला न्हाई." म्हाळू आबांच्या पणज्याचा कोण होता, ते नीट ठाऊक नव्हतं. फौज कुणाची, लढाई कुठली, तेही नाही. आबांच्या आजाने त्यांना ही चार वाक्यं दिली होती आणि आबांनी ती सांभाळली होती. रणांगणं बघायची तर म्हाळू कुठे राहिला तेही कळेल, असं आबांना वाटलं. अण्णांना वाटायचं म्हाळू लढला असणार. आबा त्यावर काही बोलायचे नाहीत.

पहिलं राक्षसभुवन, ते आमच्याच जिल्ह्यातलं. आदल्या दिवशी आईने दुधात पीठ भिजवून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटली, हिरव्या मिरचीचा ठेचा वेगळा बांधला. तिथे पोचलो तर नदी, वाळू, शनीचं देऊळ आणि लांबपर्यंत ऊस. अण्णांनी दोघातिघांना विचारलं, लढाई कुठं झाली. एकाने हात केला तो सगळ्या शिवारावरून फिरवला. "हितंच की. ह्या काठाला निम्मी फौज राहिली आन् निम्मी पल्याड गेल्ती. अल्याडची कापली." कुंपण नाही, खांब नाही. अण्णांचा चेहरा पडला. आबा मात्र चपला काढून बांधावर उभे राहिले. ते कुठल्याही रणांगणावर चपला घालून गेले नाहीत, मग उन्हाने जमीन तव्यासारखी का तापलेली असेना. माती हातात घेऊन त्यांनी चोळली आणि म्हणाले, "रान तर जित्तं हाय. आजून काय पायजे?" आईने दशमीचा एक तुकडा आणि कांदा बांधावर ठेवला. हीच आमची पद्धत पडली. चपला काढायच्या, घास ठेवायचा, आणि पाटी असली तर ती मी वाचायची.

पाटी वाचणं माझ्याकडे आलं ते मी शिकते म्हणून. "हं, मास्तरीणबाई," अण्णा म्हणायचे आणि सगळे देवासमोर उभं राहावं तसे उभे राहायचे. पाटी मराठीत असली तरी अण्णा स्वतः वाचायचे नाहीत. मला चारचौघांत वाचायचं म्हणजे नको व्हायचं. मी हळू आवाजात एकेक ओळ वाचायची, थांबायची, पुढची वाचायची. उदगीरला वाचलं, खर्ड्याला किल्ल्याच्या दारात वाचलं. प्रत्येक ठिकाणी शेवटी आबा एकच विचारायचे, "म्हाळूचं काय लिवलंय?" मी मान आडवी हलवायची. "बरं," आबा म्हणायचे आणि चपला घालायचे.

चौथ्या उन्हाळ्यात आम्ही त्या गावाला गेलो. मी चौदा वर्षांची होते. आबांचा उजवा गुडघा धरला होता, तरी ते जीपपासून पाटीपर्यंत अनवाणीच आले, अण्णांच्या खांद्याला धरून. तिथे एक जुनं झाड, भोवती दगडी पार, आणि पाराला बसवलेली इंग्रजीतली पाटी. स्वच्छ पुसलेली, कडेने साखळी लावलेली. अण्णांना ते फार आवडलं. "बघा, ह्याला म्हनत्यात राखनं," ते म्हणाले. राखणारा माणूसही होता, खुर्चीवर पेपर वाचत.

मी ओळ मनात वाचायची, तिचं मराठी सांगायची, थांबायची. लढाई कोणाकोणात झाली ते एक. सेनापतीचं नाव आणि हुद्दा. तोफा. घोडदळ. पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं, नावापुढे पलटण. मग एक ओळ अशी की सेनापती ज्या घोड्यावर बसला होता तो घोडा मारला गेला. मग पाटी कुणी बसवली ते. संपलं. पाटीवर आमच्या बाजूच्या माणसांपैकी एकाचंही नाव नव्हतं. ते 'शत्रूचं पायदळ' एवढ्यात आटपले होते. घोडा मात्र होता.

आबांनी विचारलं, "म्हाळूचं काय लिवलंय?"

माझी मान आडवी व्हायची ती झाली नाही. मला त्या घोड्याचा राग आला होता. म्हणजे घोड्याचा नव्हे, तो बिचारा मेलाच होता. मी पाटीकडे तोंड करून, इतर ओळी सांगितल्या त्याच आवाजात, म्हणाले, "अजून एक ओळ आहे. या लढाईत फौजेबरोबर मेंढपाळही होते. ते शौर्याने लढले आणि इथेच पडले."

अण्णांनी डोळ्यांना रुमाल लावला. आईने पदर सावरून पाटीला हात जोडले. आबा खाली बसले, पाटीच्या समोर, उकिडवे. बराच वेळ ते पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फिरून वाच. पहिल्यापसून."

मी पुन्हा वाचलं. माझं वाक्य मला शब्दाशब्दाने आठवत होतं. आबांनी मान डोलावली. अण्णांनी पेपर वाचणाऱ्याला उठवून आमच्या सगळ्यांचा फोटो मोबाइलवर काढून घेतला, पाटीजवळ, आबा मध्ये बसलेले.

त्यानंतर वर्षभर अण्णांच्या जीपमध्ये जो बसला त्याने ती ओळ ऐकली. केजचा पॅसेंजर, अंबाजोगाईच्या दवाखान्याला निघालेला पेशंट, एकदा तर घाटनांदूरला भाड्याने नेलेलं अख्खं वऱ्हाड. "आमच्या म्हाळूचं इंग्रजांनी लिवून ठेवलंय. आपल्या लोकांनी न्हाई लिवलं, इंग्रजांनी लिवलं." मी पुढच्या सीटवर असले की बाहेर बघायची. मी काय केलं होतं ते मला कळत होतं. ते उलटं फिरवायचं कसं ते कळत नव्हतं.

मग बापूंचा दगड आला. आमचं मूळ गाव केजहून जीपने अर्ध्या तासावर. बापू तिथले मोठे बागायतदार, पंचायतीच्या राजकारणात मुरलेले. पानिपतसारखं आपल्या गावातही काहीतरी राखलेलं असावं, लोकांनी बघायला यावं, असं त्यांनी ठरवलं. ग्रामपंचायतीसमोर काळा दगड उभा करायचा, आणि गावातल्या कुठल्या घरातले कोण लढायांना गेले होते त्यांची नावं कोरायची. नावं ठरवायला एका रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात बैठक बोलावली. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आबांना तांबडा पटका बांधायला लावला आणि मला म्हणाले, "तू बी चल. साक्षीला."

सभामंडपात सतरंजी होती, चहा होता. बापू खांबाला टेकून बसलेले, शेजारी त्यांचा पुतण्या वही घेऊन. तो पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता. नावं पटापट चालली होती. ज्याला त्याला आपला पूर्वज तलवारीसकट आठवत होता. आमची पाळी आली तसे अण्णा उठून उभे राहिले. "लिवा. म्हाळू धनगर."

पुतण्याने बापूंकडे बघितलं. बापू हसले. वाईट हसले असं नाही, लहान मुलाला हसावं तसे. "ड्रायव्हर, ही यादी लढायला गेलेल्यांची हाय. मेंढरामागं गेलेल्यांची न्हाई."

सगळे हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "मेंढरं बी लिवा की मंग, नावानिशी."

"लढायलाच गेलता," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "शौर्यानं लढला. पाटीवर कोरलंय, इंग्रजीत. माझ्या पोरीनं वाचलंय."

"कुठली पाटी?"

अण्णांनी मोबाइल काढून फोटो दाखवला. पुतण्याने तो बटण दाबून मोठा केला, डोळे बारीक केले, मंडपाच्या कडेला उजेडात नेऊन बघितला. "काका, वरचं वाचायला येतंय. घोड्याबिड्याचं कायतरी हाय. खालचं म्हाताऱ्याच्या पटक्याआड गेलंय."

"मंग ते काय आता कुनाला दिसायचं न्हाई," बापू म्हणाले. "पोरीलाच इचारू. काय गं पोरी, हाय का तसं लिवलेलं? असंल तर कोरू आपुन. आपलं काय जातंय?"

सगळ्या मंडपाने माझ्याकडे बघितलं. मी खांबाच्या कडेला, बायकांच्या बाजूला बसले होते. बापू खरंच कोरणार होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. फक्त मान हलवायची होती. खालीवर, एकदा. मला आयुष्यात तेवढं एकच नीट जमत होतं. अण्णा माझ्याकडे बघत होते आणि त्यांना खात्री होती. खोटं टिकवायला तोंडसुद्धा उघडावं लागणार नव्हतं. बोलावं लागणार होतं ते खरं सांगायचं तर.

पण पुतण्याने वहीत पेन टेकवलं आणि लिहिता लिहिता पुटपुटला, "म्हाळू, शौर्याने लढून..." आणि मला म्हाळू दिसला, हातात तलवार दिलेला, बापूंच्या पूर्वजांच्या रांगेत उभा केलेला, मेंढरांना पाठमोरा. तो तिथे माझ्यामुळे उभा होता. आबांनी जपलेल्या चार वाक्यांत तलवार नव्हती. ज्या गोष्टीला हे सगळे हसले होते, ती त्याने खरोखर केली होती. तो मेंढरामागेच गेला होता.

मी उठून उभी राहिले. "नाही," मी म्हणाले. आवाज निघाला तो मलाच अनोळखी वाटला. "तसं लिहिलेलं नाही. ती ओळ मी माझ्या मनाने सांगितली."

कुणी हसलं नाही. अण्णा मोबाइल हातात धरून तसेच उभे होते.

"आणि तो लढला नव्हता," मी म्हणाले. आता थांबले तर पुन्हा कधी बोलणार नाही, हे मला कळत होतं. "फौजेने त्याची मेंढरं नेली. तो ती मागायला गेला. तलवार न घेता गेला. तो परत आला नाही. तुम्ही हसलात ते खरं आहे, मेंढरामागंच गेला होता. लिहायचं तर तेच लिहा."

बापू सरळ बसले. "म्हंजे फौजेनं मेंढरं लुटली म्हनायचंय का तुला? आपल्या फौजेनं?"

 उत्तर मागून आलं. आबा गुडघा धरून उठत होते. "कुनाची फौज व्हती ते म्हाळूला कुनी सांगितलं न्हाई, बापू. लई मानसं आली, भुकेली व्हती, मेंढरं घिऊन गेली. आता लाख मानूस चालायचं म्हंजे खाणार काय, तुमीच सांगा."

"अहो पन पोरगी खोटं बोलली वर्षभर. त्याचं काय?"

"ते मला तवाच कळलंतं," आबा म्हणाले.

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. अण्णांनीही बघितलं.

"मला वाचाया येत न्हाई, मोजाया येतं. वाड्याच्या तोंडातून मेंढरं भाईर पडत्यात, एकामागं एक, कदी धा एकदम. एक कमी आसलं तर मला कळतं. पाटीवर सात ओळी व्हत्या. पोर आठ बारी थांबली. मी फिरून वाच म्हनलं, तर फिरून आठ." त्यांनी पटका नीट केला. "आठवी कुठून आली त्ये बी कळलं. ती माज्यासाठी व्हती. म्हनून मी काय बोल्लो न्हाई."

"मंग काय लिवायचं?" पुतण्याने विचारलं. त्याने पेन उचललं होतं.

"दगडावर हे असलं येत न्हाई," बापू म्हणाले. "लोक काय म्हनतील? बघायला येनाऱ्यांनी हे वाचायचं का?"

"नका लिवू," आबा म्हणाले. "सात ओळीत तुमचं भागतंय तर भागवा. चल गं."

आम्ही निघालो. चहाचे कप तसेच राहिले. मी पुढे होते, आबा माझ्या खांद्याला धरून, आणि मागे अण्णा. मला मागे वळून बघवलं नाही.

अण्णा मला रागावले नाहीत. त्यापेक्षा वाईट झालं. ते मला मास्तरीणबाई म्हणायचे बंद झाले. स्टँडवर पोरं त्यांना विचारायची, "काय बे, म्हाळू लढला का न्हाई शेवटी?" आणि ते जीपखाली शिरून काहीतरी दुरुस्त करायचे, जे बिघडलेलं नसायचं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "चौदा वर्सं तोंड उघडलं न्हाईस, आन् उघडलंस तर भरल्या मांडवात, बापाच्या इरुद्ध." मग भाकरी उलटून, माझ्याकडे न बघता, "पर बोललीस नीट. आडखळली न्हाईस." मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

शेवटी मीच गेले. शाळा सुटल्यावर व्हॅनमध्ये न बसता स्टँडवर गेले आणि अण्णांच्या शेजारच्या सीटवर बसले. पॅसेंजर भरायचे होते. मी विचारलं, "अण्णा, या सुट्टीत कुठं जायचं?"

"कुठं न्हाई. तू काय वाचशील ह्याचा भरवसा काय?"

"एकेक शब्द सांगेन. इंग्रजी शब्द आणि त्याचा अर्थ. तुम्ही डिक्शनरी घेऊन बसा."

त्यांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. बाहेर कुणीतरी अंबाजोगाई, अंबाजोगाई म्हणून ओरडत होतं. "मंग आदी तीच पाटी," ते म्हणाले. "तिथं माझी आब्रू राहिलीय."

त्या सुट्टीत आम्ही परत तिथेच गेलो. दशम्या, चटणी, ठेचा. आबा अनवाणी. खुर्चीवर पेपर वाचणारा तोच माणूस. त्या दिवशी तिथे कुठल्या तरी शाळेची सहल आली होती. रांगेत पोरं, पुढे एक सर. मी अण्णांना प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचून दाखवलं. ते मध्येच मला थांबवायचे, शब्द डायरीत मराठीत लिहून घ्यायचे, मग पुढे. सहाव्या ओळीला ते म्हणाले, "थांब. घोडा?"

"घोडा."

"सेनापतीचा घोडा मेला, त्ये लिवलंय?"

"हो."

"मागच्या बारीला बी वाचलं व्हतंस हे?"

"वाचलं होतं. तुम्हाला ऐकू आलं नाही."

अण्णा पाटीकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, ते ती ओळ पुन्हा जुळवत होते. "घोडा हाय," ते म्हणाले. "आन् मानूस न्हाई." मग माझ्याकडे बघून, "म्हनून व्हय गं?"

मी मान हलवणार होते. मग तोंडाने म्हणाले, "हो."

मी सातवी ओळ वाचली, पाटी कुणी बसवली ती. आई घास ठेवायला वाकली. आबा उकिडवे बसले होते, डाव्या हाताची सात पेरं मोजून अंगठा आठव्यावर टेकवलेला. "हां," ते म्हणाले. "आता आठवी."

"आबा, ती इथे नाही."

"त्ये म्हाईत हाय. बोल."

सहलीचे सर आमच्याकडे बघत होते. पोरं रांग मोडून पुढे सरकली होती. पेपरवाला उठून उभा राहिला. मी पाटीकडे पाठ केली आणि त्या सगळ्यांकडे तोंड करून मोठ्याने बोलले. हळू आवाजात नाही. पेपरवाला म्हणाला, "ओ ताई, हे पाटीवर नाही." अण्णा म्हणाले, "पाटीवर न्हाई म्हनूनच बोलायली ती." आणि त्यांनी दशमीचा तुकडा त्याच्याही हातावर ठेवला.

पुढे पानिपतही झालं, आबा होते तोवरच. तिथल्या कापलेल्या गवतावर ते बसले म्हणून राखणदाराने शिट्टी वाजवली. आबा उठले नाहीत. त्यांनी मूठभर गवत उपटून हुंगलं, म्हणाले, "ग्वाड हाय, वाया घालवायलेत," आणि ती मूठ खिशात घालून केजपर्यंत आणली, वाड्यातल्या एका म्हाताऱ्या मेंढीसाठी. तिथल्या पाट्याही मी वाचल्या. एकेक शब्द, आणि शेवटी पाटीवर नसलेली तीच ओळ, कारण म्हाळू नेमका कुठे राहिला ते कधी कळलंच नाही. आता आबा नाहीत. जिथे जाऊ तिथे अण्णा मला पुन्हा म्हणतात, "हं, मास्तरीणबाई. सगळ्या वाचा."

बापूंचा दगड ग्रामपंचायतीसमोर उभा आहे. त्याला साखळी आहे, दिवा आहे, पंधरा ऑगस्टला हार असतो. म्हाळू त्यावर नाही, आणि आम्ही पुन्हा सांगायला गेलो नाही. गावात अजून कुणी म्हणतं, की ड्रायव्हरच्या पोरीचं ते कुठे लिहिलेलं नाही. म्हणून इथे लिहिते. माझ्या नावाने, माझ्या जबाबदारीवर, आठवी ओळ, जशी त्या दिवशी पाटीसमोर बोलले तशी:

इथे एक मेंढपाळ आला होता. तो लढायला आला नव्हता, आपली मेंढरं मागायला आला होता. त्याचं नाव म्हाळू.